जोतीराम मेजरांचा कान

कराडात जोतीराम मेजरांना गाडी दाखवायची म्हणजे आधी स्वतःच्या तोंडाला कुलूप लावायचं. मला ते जमायला दोन वर्षं लागली. आमचा सांगलीला बेदाण्याचा धंदा. सौद्याला उभं राहून दिवसभर ओरडायचं आणि घसा बसवून घरी यायचं, यातच माझा जन्म गेला. आणि हे गृहस्थ बॉनेट उघडायच्या आधी ओठांवर बोट ठेवून म्हणणार, "शेठ, तुमी बोलाय लागला की इंजिन गप बसतंय." पहिल्यांदा मला रागच आला होता. गाडी माझी, तोंड माझं, आणि हुकूम यांचा.

ओगलेवाडीच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. आत कॉम्प्युटर नाही, लिफ्ट नाही. गाडीखाली उतरायला एक खड्डा, बसायला एक लाकडी बाक, आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली हातभर लांब बाभळीची दांडकी. ही दांडकी म्हणजे मेजरांचं सगळं यंत्र. चालू इंजिनावर तिचं एक टोक टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. मिनिटभरानं डोळे उघडून सांगायचं, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. अजून म्हैना काढंल." खोलून बघितलं की तेच निघायचं. पुण्याहून, बेळगावहून लोक गाड्या घेऊन यायचे ते या माणसाच्या कानासाठी. मेजरांचं नाव, त्यांची भाकरी, त्यांची ऐट, सगळं त्या दोन कानांवर उभं होतं.

मेजर ही पदवी आम्ही दिलेली. फौजेत ते हवालदार होते, गाड्या आणि रणगाडे दुरुस्त करणाऱ्या पलटणीत. पण आमच्याकडं पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. गाव त्यांचं कुंडल, घरचा ऊस थोरल्या भावाकडं. चोवीस वर्षं नोकरी करून आले, आणि गावात न बसता कराडला हे शेड टाकलं. अंग वाळलेलं, मिशी पांढरी, डोक्याला कायम गांधी टोपी. इंजिनाखाली झोपतानासुद्धा ती टोपी निघायची नाही.

शेडच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'टर्बोच्या गाड्या घेतल्या जाणार नाहीत. हुकूम.' आता डिझेलची गाडी टर्बोशिवाय येतच नाही, आणि पेट्रोलच्या भारी गाड्याही सगळ्या टर्बोच्या झाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक पाटी वाचूनच परत जायचं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला माज आहे. मी म्हणायचो, माज नव्हे, तत्त्व आहे. माझ्यासारखी तत्त्वाची पारख जिल्ह्यात कुणाला नाही, असं मला तेव्हा वाटत असे.

माझी त्यांची ओळख झाली २०१२ साली, आणि ती करून दिली एका उंदरानं.

त्याच्या आदल्या वर्षी मी पुण्याच्या एका माणसाची वापरलेली जर्मन गाडी घेतली होती. निळी, तीन लिटरची, सहा सिलिंडर एका रांगेत, आणि टर्बो नाही. वखारभागातल्या सगळ्या व्यापाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. बेदाणेवाल्यानं टेम्पो घ्यावा, फार तर बायकामुलांना बसायला मोठी जीप घ्यावी, हे काय? पण मी ती गाडी आधी डोळ्यांनी बघितलीच नव्हती. मालकाच्या दारात चहा पीत होतो, त्यानं मागच्या अंगणात ती चालू केली आणि एकदा पाय दाबला. खालून घुमत घुमत वर चढत गेलेला तो आवाज ऐकला आणि कप खाली ठेवून मी म्हणालो, ही मला पाहिजे. कानानं गाडी घेणारा माणूस सांगलीत मी एकटाच असेन.

उन्हानं रंग जाऊ नये म्हणून मी ती आमच्या बेदाण्याच्या गोडाऊनमध्ये लावायचो. थंड, अंधारी जागा. आठ-दहा महिन्यांत गाडी मरगळली. खालच्या वेगात ठीक, पण वर चढवायला गेलं की अंग चोरायची. पुण्याला दोन ठिकाणी कॉम्प्युटर लावला, दोन्हीकडं उत्तर एकच: दोष नाही. मग कुणीतरी कराडचं नाव सांगितलं.

मेजरांनी दांडकी दातांत धरली, डोळे मिटले. मी काहीतरी बोलत होतोच. त्यांनी बोट वर केलं. मग म्हणाले, "इंजिन झ्याक हाय. त्याला दम लागलाय. नाकात कायतर अडाकलंय." एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत गोणपाटाचे धागे, कागदाचे कपटे आणि चांगला पावशेर बेदाणा. उंदरानं संसार मांडला होता. मेजरांनी त्यातला एक दाणा उचलला, उजेडाकडं धरला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "माल एक नंबर हाय, शेठ." मी लाजेनं काळाठिक्कर. सोबत आलेली माझी बायको भाग्यश्री मात्र पोट धरून हसत होती, आणि पुढं वर्षभर आमच्या सगळ्या पाव्हण्यांना तिनं ही गोष्ट सांगितली.

त्या दिवशी मेजरांनी मला दोन वाऱ्यांची गोष्ट सांगितली. इंजिनाला पेट्रोलइतकाच वारा लागतो. माझ्या निळीसारखं इंजिन तो स्वतःच्या ओढीनं घेतं. इंग्रजीत त्याला नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणतात. मेजर त्याला 'छातीचं इंजिन' म्हणायचे. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. तो वारा दाबून आत कोंबतो, म्हणून लहान इंजिनही मोठ्याचं काम करतं. ते 'भात्याचं इंजिन'.

"भाता मारला की कसलाबी कोळसा पेटतोय," मेजर म्हणाले. "पर छातीचं इंजिन खोटं बोलत न्हाई. जेवढा दम, तेवढाच आवाज. तुमच्या बेदाण्यानं त्याचं नाक दाबलं, त्यानं लगेच सांगितलं. भात्याचं असतं तर त्यानं बेदाण्यासकट रेटलं असतं, आन तुमाला म्हैनाभर पत्ताबी लागला नसता."

"म्हणजे टर्बो वाईट?" मी विचारलं.

"आसं कोन म्हणलं? लेहच्या वर वारा पातळ हाय, शेठ. तितं छातीची इंजनं म्हाताऱ्यागत धापा टाकायची. भात्याची ट्रक शिट्टी मारत चढून जायची. तवा म्या टर्बोला सलाम ठोकलाय. पर हितं कृष्णाकाठाला देवानं दाट वारा फुकट दिलाय. हितं भाता कशाला?"

मला हे इतकं पटलं, की त्यानंतर बारा वर्षं मी ते जिथं तिथं माझंच म्हणून सांगत आलो.

निळीचं काम झालं की एक ठरलेली फेरी असायची. कराडहून निघायचं, सातारा मागं टाकायचं, खंबाटकीच्या बोगद्यातून पलीकडं शिरवळला जायचं, चहा घ्यायचा आणि येताना घाट चढून परत. पुण्याकडं जाताना बोगदा, येताना घाट, अशी तिथली वाटच आहे. बोगद्याच्या तोंडाशी मेजर म्हणायचे, "काचा खाली." मग दुसऱ्या गिअरला काटा लाल रेषेला टेकेपर्यंत पाय दाबायचा. तो घुमणारा आवाज दोन्ही भिंतींवर आपटून अंगावर यायचा, भाग्यश्री कानांवर हात ठेवायची, आणि मागच्या सीटवर मेजर डोळे मिटून, मांडीवर टोपी घेऊन बसलेले असायचे. टोपी निघायची ती एवढ्या एकाच वेळी. बाहेर उजेडात आलो की निकाल: "पास." किंवा, "चार नंबरचा प्लग बघू."

परतल्यावर जेवण त्यांच्या घरी. शेडच्या मागंच दोन खोल्या होत्या. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, हे राहीबाई वहिनींनी पहिल्याच भेटीत लक्षात ठेवलं. आमच्यासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळी चटणी, वेगळं पातेलं, आणि ऊन कलायच्या आत पाटपाणी तयार. मेजरांना जेवायला बोलवायची त्यांची रीत मात्र न्यारी. हाक मारायच्या नाहीत. लाटणं घेऊन शेडच्या पत्र्यावर दणादण हाणायच्या. आम्ही हसायचो. कुकर मेजरांच्या हाताच्या अंतरावर सहा-सहा शिट्ट्या मारत असायचा, आणि हे ढिम्म बसलेले. वहिनी मागच्या दारातून धावत यायच्या, "आवं, कुकर! डाळीचा कोळसा झाला की!" मी म्हणायचो, "वैनी, मेजरांना इंजिनाशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही." त्यावर सगळ्यांत मोठ्यानं मेजरच हसायचे. वहिनी हसायच्या नाहीत, हे मला आता आठवतं.

ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो. एवढं सुख मला पुढं कुठल्या सौद्यात मिळालं नाही.

मग गाडी म्हातारी झाली. पंधरा वर्षं उलटली, कागद नवे करून घेतले, पण सुटे भाग मिळेनात. एका रबरी नळीसाठी दोन महिने गाडी उभी राहिली. आमचा धवल पुण्याला नोकरी करतो. तो म्हणाला, "पप्पा, आता त्याच कंपनीची टर्बो घ्या. तसंच तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं येतं." गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यानं एक गाडी हेरून ठेवली. एका डॉक्टरांची, पांढरी, पाच वर्षं वापरलेली. मी पुण्याला जाऊन एकदा चालवली, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. निळीला ज्यासाठी ओरडावं लागायचं ते ही ओठ न हलवता करायची. पाय टेकवला की पाठ सीटला चिकटलीच. मी भाग्यश्रीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली!" निळी न्यायला कोल्हापूरचा एक हौशी माणूस तयार होता. फक्त पांढरीवर मेजरांचा शिक्का पाहिजे होता.

मी कराडला गेलो. मेजरांनी पाटीकडं बोट दाखवलं.

"पाटी मला माहिती आहे," मी म्हणालो.

"मग झालं तर. दुसरं कोनतरी बघा."

"मेजर, बारा वर्षांत तुमच्या कानाशिवाय मी साधा टायर घेतला नाही. आणि आता एवढी गाडी परक्याच्या भरवशावर घेऊ? तुम्ही दुरुस्त करू नका. नुसती ऐका."

ते बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. वहिनी मागच्या दारातून त्यांच्या पुढ्यात येऊन म्हणाल्या, "जाऊ नगा तुमी." मला वाटलं, प्रवासाची काळजी. मेजर उठले, टोपी सरळ केली आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "शेठनं शबुद टाकलाय." वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मी काय मागितलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

ठरल्याप्रमाणं डॉक्टर पांढरी घेऊन शिरवळला आले. आम्ही निळीतून गेलो. डॉक्टर हॉटेलात चहा घेत थांबले आणि आम्ही तिघं पांढरीत बसलो. शिरवळहून घाट चढायचा, पलीकडं पायथ्याच्या वेळे गावाला वळायचं, बोगद्यातून परत. मी चालवायला, भाग्यश्री शेजारी, मेजर मागं. घाट तिनं असा चढला, की घाट आहे हे कळलं नाही. वेळ्याला वळलो. बोगद्याच्या तोंडाशी मेजर म्हणाले, "काचा खाली." टोपी मांडीवर आली. मी पाय दाबला.

पहिल्यांदा डासासारखी बारीक शिट्टी आली. पाय दाबत गेलो तशी ती चढत गेली आणि तिच्यात धातूवर धातू घासावा तशी किरकिर मिसळली. पाय सोडला, उतरली. पुन्हा दाबला, पुन्हा चढली. टर्बोची थोडी शिट्टी असतेच, हे मलाही कळतं. पण ही शिट्टी निरोगी नव्हती. माझे दात आंबले. भाग्यश्रीनं माझ्याकडं बघितलं. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण तिनंही भुवया वर केल्या. मी आरशात पाहिलं. मेजर डोळे मिटून शांत बसले होते.

उजेडात आल्यावर त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "निर्धोक हाय. घ्या."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. एका क्षणात कुकरच्या सगळ्या शिट्ट्या, पत्र्यावरचं लाटणं, दातांतली दांडकी, दारावरची पाटी, सगळं माझ्यापुढं ओळीनं येऊन उभं राहिलं. आणि वहिनींची नजर. मला स्वतःचीच इतकी चीड आली, की काय सांगू. बारा वर्षं या माणसाच्या घरी जेवलो, आणि एवढं कळलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "काय मग, पसंत?"

खरं सांगावं तर डॉक्टरांसमोर मेजरांची अब्रू जाते. घ्यावी तर बिघडलेली गाडी गळ्यात पडते. मी म्हणालो, "गाडी छान आहे, पण पांढरा रंग मनाला येत नाही." डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. ज्यानं रंग आधीच दोनदा बघितलाय त्यानं असं म्हणावं! पण मी डॉक्टरांकडं बघत नव्हतो. मेजरांचा चेहरा उतरला होता. बारा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचा निकाल झुगारला होता, तोही रंगाचं कारण सांगून. त्यांना वाचवायला गेलो, आणि परक्यासमोर त्यांचा अपमान करून बसलो.

निळीत बसलो आणि निघालो. घाटात मी गिअर उतरवला, इंजिन ओरडलं, एरवी मेजर काहीतरी बोलले असते. आज ते खिडकीबाहेर बघत बसले. घाटमाथ्यावर ऊन कलायला लागलं होतं, म्हणून भाग्यश्री म्हणाली, "आवं, थांबवा. जेवून घेऊ." तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. गरम बॉनेटवर कागद पसरला. मेजरांनी दशमी हातात घेतली, पण खाल्ली नाही.

"शेठ," ते म्हणाले, "शिट्टी वाजत हुती का?"

मी चटणीकडं बघत राहिलो.

"मेजर, वाजत होती," भाग्यश्री म्हणाली. "मला पण आली ऐकायला."

त्यांनी मान हलवली. मग जे सांगितलं ते घाटाकडं बघत सांगितलं.

"झाशीकडं वर्कशापला हुतो. रणगाड्याचं इंजिन भाईर काढून टेस्टला लावायचं आन मी शेजारी हुबा. टर्बोची शिट्टी आशी, की मानूस भवळ यीऊन पडंल. कानात घालाय बोळं मिळायचं. समदी घालायची. मी काढून खिशात ठिवायचो. बोळं घातलं तर बारीक आवाज कसा कळंल? बाकीच्यांस्नी जे घावायचं न्हाई ते मला घावायचं. सायेब पाठ थोपटायचं. पाच वर्सं थोपटली. मग एक दिस सकाळी उटलो तर झाडावर पाखरं दिसत हुती, आन आवाज न्हाई." हातातली दशमी कागदावर ठेवून ते म्हणाले, "ज्या शिट्टीसाठी बोळं काढलं, तीच पयली गेली."

"आणि पाटी?" मी विचारलं.

"ऐकू येत न्हाई म्हणून टर्बो घेत न्हाई, आसं कसं लिवू? कान गेलेल्या मिस्त्रीकडं कोन येतंय? छातीचा वारा, भात्याचा वारा, ह्ये खोटं न्हाई. पर त्याच्यामागं मी लपलो हुतो. झाकली मूठ हुती. आज तुमी हट्ट धरला. मला वाटलं, नशिबानं गाडी चांगली असंल. नशिबावर निकाल दिला म्या." आणि मग हळू आवाजात, "तुमी ती घेतली असती तर मी तोंड कुठं लपवलं असतं?"

भाग्यश्रीनं विचारलं, "मग काय काय येतं ऐकू?"

"जाड आवाज येत्यात. शेठची बडबड येती." ते जरा हसले. "राहीची हाक येत न्हाई. नातीचं बोलनं निम्मंच येतंय. दांडकी दातात धरली की हाडातनं जरा कळतंय." त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. "आन ही येती. खालपासनं वरपातूर सगळी येती. म्हणून तर हिच्या फेरीची मी वाट बघायचो, शेठ. आता तुमी हिला बी इकनार."

दिवस मावळायला थोडा वेळ होता. मी कागद गोळा केला, वेळ्यापर्यंत उतरलो, गाडी वळवली आणि पुन्हा बोगद्याकडं घेतली. काचा मीच खाली केल्या. दुसऱ्या गिअरला काटा लाल रेषेला टेकेपर्यंत पाय दाबून धरला. या वेळी भाग्यश्रीनं कानांवर हात ठेवले नाहीत. आरशात बघितलं तर मेजरांचे डोळे मिटलेले होते आणि गालावर पाणी होतं. मला पुढचा रस्ता नीट दिसेना.

बाहेर पडल्यावर त्यांनी नाक पुसलं, टोपी घातली आणि घसा साफ करून म्हणाले, "पाच नंबरची कॉईल. मधीच एक ठोका चुकतोय. धा-पंधरा दिसांत जाईल."

अकराव्या दिवशी विट्याच्या रस्त्यावर गाडी थरथरायला लागली. तपासलं, तर पाच नंबरच्या सिलिंडरला ठिणगी देणारी कॉईलच गेलेली. मी भर रस्त्यात बंद गाडीला टेकून मोठ्यानं हसत होतो, आणि उसाच्या ट्रॅक्टरवाले माझ्याकडं बघत जात होते.

कॉईल घ्यायला कराडला गेलो तेव्हा दारावरची पाटी बदललेली होती. रंग अजून ओला होता. 'टर्बोची शिट्टी मला ऐकू येत नाही. बाकी सगळं इंजिन ऐकून मिळेल. जोतीराम.' मी वाचत उभा राहिलो. मेजर खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणाले, "शुद्धलेखन बरुबर हाय न्हवं?" मी मान डोलावली. लोक हसतील, गिऱ्हाईक तुटेल, अशी मला धास्ती होती. हसणारे हसले. पण जुन्या गाड्यांचे मालक येत राहिले, आणि कुणी टर्बोवाला चुकून आला तर मेजर मान ताठ ठेवून पाटी दाखवायचे.

निळी मी विकली नाही. कोल्हापूरवाल्याला काय कारण सांगितलं ते आता आठवत नाही. रंगाचं सांगितलं नाही एवढं नक्की.

या पाडव्याला मेजरांनी शेड बंद केलं. कानांपायी नव्हे, गुडघे खड्ड्यात उतरू देईनात. आता तिथं गाड्या धुवायचं सेंटर झालंय. तिकडून जायची वेळ आली तर मी मान फिरवून जातो. मेजर आणि वहिनी कुंडलला आहेत, घरच्या उसात. महिन्यातून एकदा आम्ही दोघं जातो. हॉर्न वाजवत नाही. गावाजवळ आलं की दुसरा गिअर टाकून एकदा पाय दाबतो, आणि घरी पोचेपर्यंत मेजर टोपी सरळ करत बांधावरून येत असतात.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ते पार दुसऱ्या टोकाला पाणी पाजत होते. आम्ही त्यांना गाठून, गप्पा मारून पुढं घरी आलो. जेवायची वेळ झाली. पत्र्याचं शेड आता नाही, लाटणं हाणायला काही नाही. वहिनी बांधावर उभ्या राहून हाका मारत होत्या आणि ऊस त्या गिळत होता. चार-पाच हाका मारून त्या माझ्याकडं वळल्या.

"शेठ, मला एवढं पाय दाबाय शिकवा."

"गाडी चालवायची, वैनी?"

"चालवून कुठं जाऊ? जेवाय हाक मारायची हाय."

मी त्यांना निळीत बसवलं. पदर खोचून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून त्या बसल्या. न्यूट्रलला आहे याची मी दोनदा खात्री केली, इंजिन चालू केलं आणि त्यांचा पाय नेमक्या जागी ठेवला. आधी त्यांनी घाबरत घाबरत टेकवला. मी म्हणालो, "जोरात." त्यांनी डोळे मिटले आणि दाबला. सहा सिलिंडर एकदम बोलले. आवाज घुमत वर चढला आणि उसावरून पलीकडं गेला.

थोड्या वेळानं उसाच्या कडेला टोपी दिसली. मेजर लगबगीनं येत होते. त्यांना वाटलं होतं, मीच बोलावतोय. जवळ आले आणि स्टिअरिंगमागं वहिनींना बघून थबकले. वहिनींनी त्यांच्याकडं बघत पाय पुन्हा एकदा दाबला.

"आलो गं, आलो," मेजर म्हणाले.